भोपळ्याचं तिकीट आणि द्रागोनेत्तीच्या बाहुल्या

मुंबईतल्या एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरात मी तिकीट काढते ते वरच्या बाल्कनीतलं, अगदी कडेचं. एक तर ते स्वस्त असतं. दुसरं म्हणजे तिथून बाकी काही धड दिसलं नाही तरी डबल बेसवाले, म्हणजे माणसाएवढं ते खर्जातलं तंतुवाद्य वाजवणारे, मात्र थेट खाली दिसतात, डोक्यावरच्या टकलासकट. माझ्या भाच्याच्या मते हॉलमधली ही सगळ्यात भिकार जागा. मला तीच हवी असते.

मागे एकदा असाच फेब्रुवारीतल्या सीझनला गेले होते. सिंफनीचा संथ भाग चालला होता. व्हायोलिनं गळा काढत होती, बासऱ्या मध्येमध्ये बोलत होत्या, आणि डबल बेसच्या रांगेतला शेवटचा गृहस्थ उंच स्टुलावर नुसता टेकून होता. वाद्याची मान खांद्यावर. त्यानं खिशातून फडकं काढून बोटं पुसली. छताकडे पाहिलं. मग डाव्या हाताची बोटं वाद्याच्या खांद्यावर एकेक करून आपटायला लागली, तेव्हा कळलं की हा मात्रा मोजतोय. मोजता मोजता त्यानं गज उचलला, एकच लांब स्वर ओढला, इतका हलका की ऐकू येण्याआधी तो मला खुर्चीच्या हातात जाणवला, आणि गज खाली करून पुन्हा मोजायला लागला.

माझ्या तोंडून 'अरेरे' निघालं. शेजारच्या पारशी बाईंनी वळून पाहिलं.

ते 'अरेरे' त्याच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त होतं. मी अकरा वर्षं माझ्या गाण्याच्या गुरूंच्या, म्हणजे बाईंच्या, मागे तंबोऱ्याला बसले. सांगली, मिरज, इचलकरंजी, निपाणी, कधी पार सोलापूर. तंबोऱ्याला बसणाऱ्याकडून लोक तीनच गोष्टी मागतात: तालाशी सोयरीक न करता छेडत राहायचं, डुलकी काढायची नाही, आणि मध्येच उठून जायचं नाही. पंचम, जोडाच्या दोन तारा, खर्ज. पंचम, जोड, जोड, खर्ज. पहिल्या महिन्यात बोट दुखतं, दुसऱ्या महिन्यात बोट आपोआप फिरायला लागतं, आणि मग डोकं रिकामं होतं. बाई गात असायच्या आणि मी श्रोते बघत असायचे. सम यायच्या आधीच मान हलवून मोकळे होणारे काका. पहिल्या रांगेत बसून बटव्यातली सुपारी कातरणारे. एका गावी स्टेजसमोर सव्वीस चपलांची रांग होती, मला आकडा अजून पाठ आहे, कारण विलंबित ख्यालभर मी त्याच मोजल्या होत्या. घरी परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "अगं, लक्ष कुठं होतं तुझं? खर्ज उतरला होता दोनदा." तो मला ऐकू आला नव्हता. बाईंना गाता गाता आला होता.

तर त्या रात्री घरी येऊन मी डबल बेसवाल्यांबद्दल वाचायला बसले, ते थोडं समदुःखी शोधायला म्हणून. मिळाला तो भलताच माणूस.

त्याच्याकडे जायच्या आधी वाद्याबद्दल चार शब्द. आपल्याकडे 'मोठं व्हायोलिन' म्हटलं की भागतं, पण ते पुरतं खरं नाही. व्हायोलिनच्या दोन शेजारच्या तारांमध्ये षड्ज-पंचमाचं अंतर असतं, डबल बेसच्या तारांमध्ये षड्ज-मध्यमाचं. एवढ्या लांब तारांवर बोटांना पंचमाची झेप परवडत नाही, म्हणून. खांदे व्हायोलिनसारखे गोल नसून बहुधा उतरते, म्हणजे वरच्या स्वरांसाठी वाजवणाऱ्याला पुढे वाकता यावं. उंची साधारण सहा फूट. सगळ्यात खालची तार सेकंदाला जेमतेम 41 वेळा थरथरते. कागदावर लिहिलेला स्वर प्रत्यक्षात एक सप्तक खाली वाजतो. गजाला लावायचं राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ आणि चिकट असतं, उन्हाळ्यात डबीतच पसरतं. जुन्या हिंदी गाण्यांमध्ये तालाच्या खालून जे 'डुम्-डुम्' चालत असतं, ते पुष्कळदा हेच वाद्य, बोटांनी छेडलेलं. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा होता, त्यांच्या हातून ते आपल्या कानावर पडलं. कानावर म्हणजे थिएटरात. आमच्या घरच्या तळहाताएवढ्या ट्रान्झिस्टरमधून इतका खालचा स्वर बाहेर येणं शक्यच नव्हतं, त्यामुळे अर्धी गाणी आम्ही पाया नसलेल्या घरासारखी ऐकली आणि आम्हाला काही कमी वाटलं नाही.

आता तो माणूस. दोमेनिको द्रागोनेत्ती. जन्म व्हेनिसचा, 1763 सालचा. वडील न्हावी, जोडीला वाद्यंही वाजवणारे. पोरानं आधी गिटार हातात घेतली, मग हे धूड. बेरिनी नावाच्या गुरूकडे अकरा धडे झाले आणि गुरूकडचं शिकवायचं संपलं, अशी गोष्ट सांगतात. चोविसाव्या वर्षी तो सान मार्को चर्चच्या वाद्यवृंदात लागला. व्हेनिसमधल्या वादकाला याहून वरची नोकरी नव्हती. आणखी एक गोष्ट आहे, पादुआच्या मठातली: द्रागोनेत्ती तिथे मुक्कामाला असताना रात्री मठाच्या लांबलचक ओसरीत वाद्य घेऊन गेला आणि त्यावर असं काही वादळ उठवलं की संन्यासी घाबरून आपापल्या खोल्यांतून बाहेर आले. खरी-खोटी देव जाणे. पण ज्याच्याबद्दल अशा गोष्टी रचाव्याशा वाटतात, तो मागच्या रांगेत बसून चपला मोजणारा नव्हे, हे माझ्या तिथेच ध्यानात यायला हवं होतं.

1794 मध्ये तो लंडनला गेला, किंग्ज थिएटरच्या ऑपेराच्या नोकरीवर. मध्ये काही वर्षं व्हेनिस आणि व्हिएन्ना झालं. पण बाकी सगळं आयुष्य, म्हणजे मरेपर्यंतची जवळजवळ पन्नास वर्षं, लंडनमध्ये. शेजारी रॉबर्ट लिंडली हा चेलोवाला, आणि दोघांत एकच स्वरलिपीचा स्टँड. अर्धं शतक एकाच कागदात डोकं घालून वाजवणं म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. लग्नंसुद्धा इतकी टिकत नाहीत. गंमत अशी की द्रागोनेत्तीला इंग्रजी कधीच नीट आलं नाही. व्हेनिसची बोली, फ्रेंच आणि इंग्रजी यांची तो आपली एक मिसळ करून बोलायचा आणि त्यातच त्याचं सगळं भागायचं.

व्हिएन्नाची भेट 1799 सालची. बेथोवेन तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की हा इटालियन त्या अजस्र वाद्यावर चेलोचं संगीत वाजवतो. बेथोवेननं आपला चेलो आणि पियानोसाठीचा सोनाटा पुढे ठेवला, ओपस पाचमधला दुसरा, आणि स्वतः पियानोला बसला. सबंध वेळ त्याची नजर द्रागोनेत्तीवरच. शेवटच्या भागात भराभर चढउतार करणाऱ्या स्वरांच्या जागा येतात. त्या द्रागोनेत्तीनं अशा काही काढल्या की बेथोवेन उठला आणि त्यानं वादकाला आणि वाद्याला, दोघांना एकदमच मिठी मारली. हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवून आमच्या कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे पाहिलं. बाईंना कितीजणांनी मिठ्या मारल्या, हारांच्या टोपल्या आल्या. तंबोऱ्याला आजवर फक्त डासांच्या धुराचा वास लागलाय.

पुढे बेथोवेनच्या सिंफन्यांमध्ये डबल बेसला जी कामं पडली, त्यामागे ही ओळख असावी असं जाणकार म्हणतात. पाचव्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात मधेच चेलो आणि डबल बेस धावत सुटतात, जणू गोदामात हत्तींची शिवणापाणी. नवव्या सिंफनीत शेवटचा भाग सुरू होतो आणि गाणारे तोंड उघडायच्या आधी बोलतात ते हेच, चेलो आणि डबल बेस, कुणीतरी उभं राहून भाषण करावं तसे. लंडनमध्ये ही सिंफनी पहिल्यांदा झाली 21 मार्च 1825 ला, फिलहार्मोनिक सोसायटीच्या कार्यक्रमात. त्या हंगामासाठी द्रागोनेत्तीनं आपली बिदागी कळवली, आणि स्वरलिपी त्याच्या हाती पडली ती नंतर. मग त्यानं लिहून कळवलं की हे आधी पाहिलं असतं तर दुप्पट मागितले असते. मला हा माणूस इथे आवडला. बाई कार्यक्रम ठरवताना नेहमी म्हणायच्या, "तुम्ही द्याल ते." आणि पाकीट घरी आल्यावर दोन दिवस गप्प असायच्या.

मिळवलेल्या पैशाचं त्यानं काय केलं? जमवाजमव. जुनी व्हायोलिनं आणि इतर वाद्यं जमवली, त्यात स्त्रादिवारीच्या हातचीही. चित्रं जमवली. छापील चित्रांचे गठ्ठे जमवले. तपकिरीच्या डब्या जमवल्या. ऑपेरांच्या स्वरलिप्या जमवल्या. आणि बाहुल्या. बाहुल्यांबद्दल त्याला ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवलंय: देशोदेशीच्या पोशाखातल्या, लहान-मोठ्या. प्रवासाला निघताना त्यातल्या काही बरोबर असायच्या, आणि एका काळ्या बाहुलीला तो आपली बायको म्हणून चारचौघांत मिरवायचा. लग्न त्यानं केलं नाही. शिवाय कार्लो नावाचा कुत्रा होता, तो ऑपेराच्या वाद्यवृंदात मालकाच्या वाद्यापाशी पडून असायचा. वर रंगमंचावर राण्या विष घेतायत, सरदार तलवारी उपसतायत, आणि खाली कार्लो पंजांवर हनुवटी ठेवून, डोक्यावरून येणाऱ्या खर्जात झोपलेला. मला त्या कुत्र्याचा हेवा वाटतो.

इथपर्यंत आल्यावर माझ्या डोक्यात एक सिद्धांत तयार झाला होता, आणि तो मी दोन-तीन मैत्रिणींना ऐकवलाही. सिद्धांत असा: मागे राहून खालचा स्वर धरणाऱ्या माणसाचं डोकं रिकामं राहतं, आणि रिकाम्या डोक्यात बाहुल्या, डब्या, कुत्री शिरतात. पुढच्याला रागच पुरत नाही, मागच्याला वेळच वेळ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही फार बरं वाटलं.

पण द्रागोनेत्ती त्यात बसत नाही, हे मला मनातून कळत होतं. तो मागे होताच कुठे? इंग्लंडात सगळ्यात जास्त पैसे घेणाऱ्या वादकांत त्याचं नाव होतं. त्याच्यावाचून मोठा संगीतमहोत्सव करायचा तर लोक विचारायचे, का बुवा, द्रागोनेत्ती नाही? 1845 मध्ये जर्मनीत बॉनला बेथोवेनच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा हा ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा पाचव्या सिंफनीत तेरा डबल बेसांच्या पुढे उभा होता. फ्रेंच संगीतकार बेर्लिओझ तिथे हजर होता, आणि तो त्या डबल बेसांच्या जोरकसपणावर खूश झाला. ब्याऐंशी! मी पन्नाशीत तंबोरा भिंतीपासून बाजूला करताना कंबर धरते. मग बाहुल्यांचं काय? काहीच नाही. त्याला बाहुल्या आवडायच्या. माणसाच्या प्रत्येक आवडीला त्याच्या धंद्यातली फट दाखवलीच पाहिजे, ही आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांची खोड.

आणखी दोघांची नावं घेते, कारण ती घेतल्याशिवाय राहवत नाही. जोव्हानी बोत्तेसिनी, क्रेमा गावचा. 1835 मध्ये मिलानच्या संगीतशाळेत प्रवेश हवा होता, घरी पैसे नव्हते, आणि शिष्यवृत्त्या उरल्या होत्या दोनच: बसून या फुंकवाद्याची आणि डबल बेसची. पोरगा व्हायोलिन शिकलेला. काही आठवड्यांत डबल बेस बसवून तो परीक्षेला उभा राहिला. म्हणजे प्रेमाबिमाची भानगड नाही. जागा रिकामी होती. आपल्याकडे सायन्सला नंबर लागला नाही म्हणून कॉमर्सला गेलेले जसे पुढे बँकेचे मॅनेजर होतात, तसा हा पुढे, व्हायोलिनच्या त्या जादूगाराच्या नावावरून, 'डबल बेसचा पागानिनी' झाला. त्याचं लाडकं वाद्य तेस्तोरेच्या हातचं, 1716 चं. ते त्याला सापडलं कळसूत्री बाहुल्यांच्या एका थिएटरात, अडगळीत पडलेलं. बाहुल्या काही पाठ सोडत नाहीत बघा. हा गृहस्थ ऑपेरा लिहायचा, वाद्यवृंद चालवायचा, आणि मध्यंतरात स्वतःचं वाद्य स्टेजवर आणून त्याच रात्रीच्या ऑपेरातल्या चालींवर वाजवायचा. 24 डिसेंबर 1871 ला कैरोत व्हेर्दीच्या 'आयदा' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा वाद्यवृंदासमोर छडी घेऊन उभा होता तो हाच.

दुसरा चार्ल्स मिंगस, अमेरिकेतला, जॅझवाला. 1922 सालचा जन्म. तापट इतका की सोबतचे वादक जपून असायचे. मध्ये कामं आटली तेव्हा त्यानं पोस्टातही नोकरी केली. आणि या माणसानं मांजराला संडासाच्या भांड्यावर बसायला कसं शिकवावं, याची पायरीपायरीनं कृती सांगणारी पुस्तिका काढली. खोकं आधी कुठे ठेवायचं, मग रोज थोडं कसं सरकवायचं, घाई का करायची नाही. ज्याच्या तापटपणाच्या इतक्या कथा आहेत, त्याच्याकडे मांजरासाठी एवढी सबुरी होती. जानेवारी 1979 मध्ये तो मेक्सिकोत गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या बायकोनं त्याची रक्षा इतक्या लांब आणून गंगेत सोडली. आपल्या गंगेत. मला हे कळलं तेव्हा मी पुन्हा एकदा त्याची रेकॉर्ड लावली, आणि चांगल्या स्पीकरवर लावली, ट्रान्झिस्टरची चूक पुन्हा नको म्हणून.

आता माझ्या वहीबद्दल. ती इतका वेळ लांबवली, कारण द्रागोनेत्तीच्या शेजारी तिला बसवायचा धीर होत नव्हता.

तंबोरा गवसणीत घालून एसटीनं न्यायचा म्हणजे दिव्य असे. भोपळा मांडीवर, दांडी खिडकीकडे, आणि प्रत्येक खड्ड्याला जीव घोडीपाशी अडकलेला. पहिल्याच प्रवासात, सांगली ते निपाणी, कंडक्टरनं गवसणीवर पंच टकटकवला. "हे काय ओ?" बाई म्हणाल्या, तंबोरा. तो म्हणाला, "आत भोपळाच हाय न्हवं? मग भोपळ्याचं अर्धं काढा." बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून खास करून घेतलेलं वाद्य, आणि त्याचं लगेज म्हणून अर्धं तिकीट! बाईंनी पैसे मोजले, तिकीट माझ्या हातात कोंबलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मी ते टाकलं नाही. घरी येऊन दोनशे पानी वहीत खळीनं चिकटवलं. त्या वेळच्या एसटीच्या तिकिटावर गाव नसायचं, तारीख नसायची, फक्त रक्कम आणि पंचची भोकं. म्हणून खाली पेनानं लिहिलं: कुठून कुठे, तारीख, बाई काय गायल्या, आणि त्या दिवशी दिसलेलं एखादं काहीतरी. 'निपाणी. पूरिया धनाश्री. माईकवाल्याच्या पोराला गोवर.' असं. मग सवयच लागली. अकरा वर्षांत तीन वह्या भरल्या. त्यात भोपळ्याची तिकिटं एकूण एकोणचाळीस. बाकी वेळी कंडक्टर चांगला निघाला.

या वह्यांचा बाईंना पत्ता नव्हता. लाजेखातर मी कधी दाखवल्याच नाहीत. गुरू गातोय आणि शिष्या गोवर लिहून ठेवतेय.

द्रागोनेत्ती गेला एप्रिल 1846 मध्ये, लंडनला. गास्पारो दा सालोच्या हातचा आपला डबल बेस त्यानं मृत्युपत्रात सान मार्कोला दिला, आणि तो व्हेनिसला गेला. ऑपेरांच्या स्वरलिप्या त्याचा मित्र व्हिन्सेंट नोव्हेलो याच्याकडे आल्या, त्यानं त्या ब्रिटिश म्युझियमला दिल्या, आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. वाचून मी थोडा वेळ गप्प होते. रंगमंचावर कोण कोण गाजून गेलं, त्यांच्यासमोर खाली बसून वाजवणाऱ्यानं कागद जपले. बाहुल्यांचं काय झालं ते मी मुद्दाम शोधलं नाही.

बाई पंच्याऐंशीच्या झाल्या तेव्हाची गोष्ट. गळा गेला होता, आठवणी सरमिसळ व्हायच्या. कुणीतरी मुलाखत घ्यायला येणार होतं, आणि बाई सकाळपासून कासावीस. फोन आला. "अगं, ते इचलकरंजीला लाइट गेले होते बघ, आणि मी कंदिलात गायले होते. ते कधी? आणि काय गायले होते मी? हे म्हणतायत बिहाग. बिहाग नव्हता."

मी म्हटलं, "बाई, येते."

रिक्षानं गेले. तिन्ही वह्या पिशवीत. त्यांच्या पलंगावर बसून पानं उलटायला लागले, तशा त्या आधी चिडल्या, "ही काय रद्दी आणलीस?" मग चष्मा मागितला. दुसऱ्या वहीच्या मध्यावर ते पान निघालं. दोन तिकिटं, एक पूर्ण आणि एक भोपळ्याचं, पिवळी पडलेली, खळीचे डाग. खाली निळ्या शाईत: इचलकरंजी. लाइट पावणेदहाला गेले. मारुबिहाग. कंदील तीन, त्यातला एक फुटका.

बाईंनी बोट फिरवलं ते तारखेवरून नाही, भोपळ्याच्या तिकिटावरून. "ह्याचेपण घेतले होते त्या मेल्यानं," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ हसत राहिल्या, खोकला येईपर्यंत. पाणी प्यायल्या. आणि म्हणाल्या, "मागचं पान दाखव. तिथं काय काय बघत होतीस?"